भिंतभर वॉर्डरोब, आईंचं लोखंडी कपाट आणि पाण्याची रेघ

सांगलीच्या गावभागातल्या एका ताईंचं हे पत्र, थोडक्यात. घर दोन मजली. खाली पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि नवराबायकोची बेडरूम. वर मुलाच्या अभ्यासाची एक खोली आणि गच्ची. बेडरूम दहा बाय बारा फूट, छत दहा फुटांवर. एका लांब भिंतीला खिडकी, समोरची लांब भिंत मोकळी, एका आखूड भिंतीच्या कोपऱ्यात दार. खोलीत सध्या सहा बाय साडेसहाचा पलंग, सासूबाईंचं लग्नातलं लोखंडी कपाट, एक प्लास्टिकचं कपाट, पलंगाखाली बॅगा आणि दारामागच्या खुंट्यांवर कपड्यांचा ढीग. भिशीचे पैसे आलेत, दिवाळीआधी काम उरकायचंय. मिस्त्रींनी मोकळी बारा फुटी भिंत खालपासून छतापर्यंत भरून स्लायडिंग दारांचा वॉर्डरोब सुचवलाय. खाली साड्यांसाठी खोल ड्रॉवर, वर माळा, मध्ये आरसा. त्या भिंतीला खालून दोन फुटांपर्यंत पोपडे सुटलेत, तेही झाकले जातील असं ते म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, "माझं कपाट कुठं जाणार नाही आणि भिंतीत ठोकलेलं काही नको." त्या झोपतात मधल्या खोलीत, कपाट मात्र बेडरूममध्ये, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्यांची ये-जा. नवरा दोघींच्या मध्ये बोलत नाही. ताई लिहितात, "२०१९ ला घरात कमरेएवढं पाणी होतं, २०२१ ला पोटरीएवढं, पण ते आता जुनं झालं. आईंना नवं काही नकोच असतं. त्यांना कसं पटवू? आणि स्लायडिंग करू की साधी दारं?"

ताई,

सासूबाईंना कसं पटवायचं ते तुम्ही विचारलंत. त्याआधी तुमच्याच पत्रातल्या एका ओळीकडे तुमचं लक्ष वेधते. पुराचं तुम्ही जाता जाता लिहिलंत आणि "जुनं झालं" म्हणून पुढे गेलात. मला वाटतं, तुमच्या कपाटाचा सगळा आराखडा त्या ओळीवरूनच ठरायला हवा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली होती. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. गावभागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, पण इतर गावच्या वाचकांसाठी लिहिते: पाणी आलं आणि ओसरलं इतकं ते सोपं नव्हतं. ते दिवसच्या दिवस घरात तुंबून राहिलं आणि गेलं तेव्हा गाळ ठेवून गेलं. अशा घरातलं भिंतीत बसवलेलं प्लायचं कपाट मी जवळून पाहिलं आहे. खालच्या भागातला सनमायका सुटून पुढे आलेला, दारांच्या कडा फुगून दारं एकमेकांवर चढलेली. खालचा ड्रॉवर जागच्या जागी रुतला होता, पुढची पट्टी फोडून काढावा लागला. आत चादरींचा गाळानं घट्ट झालेला गठ्ठा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाठीमागची प्लाय आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीत गाळ जाऊन बसलेला. वरचा भाग चांगला होता, तरी तो गाळ काढायला अख्खं कपाट भिंतीपासून उचकटावं लागलं.

लोखंडी कपाटही पाण्यात खराब होतंच. रंग जातो, तळाला गंज धरतो, दार करकरायला लागतं. पण ते चौघांनी उचलून अंगणात आणता येतं, पाइप लावून धुता येतं, उन्हात वाळवून पुन्हा रंग मारता येतो. तुमच्या सासूबाईंचं कपाट दोन पूर काढून आजही वापरात आहे. "भिंतीत ठोकलेलं काही नको" हे वाक्य तुम्ही हट्ट म्हणून लिहिलंत. मला त्यात घर धुतलेल्या बाईचा अनुभव दिसतो. कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि पत्रावरून तरी असं वाटतं की कुणी विचारलंही नाही. त्यांना नवं काही नको असतं हे एरवी खरंही असेल, मला माहीत नाही. या एका बाबतीत मात्र त्या जे म्हणतायत त्याला आधार आहे.

म्हणून पटवायचं सोडून द्या आणि विचारा. एखाद्या दुपारी खडू घेऊन त्यांना बेडरूममध्ये न्या आणि म्हणा, आई, २०१९ ला पाणी कुठवर होतं ते दाखवा. त्या दाखवतील तिथे भिंतीवर रेघ ओढा. दाराच्या चौकटीवर कुठे डाग राहिला असेल तर त्याच्याशी ताडून बघा. ती रेघ पुसू नका, मिस्त्री पुढच्या वेळी येतील तेव्हा त्यांना पहिल्यांदा तीच दाखवा. त्याच वेळी यजमानही तिथे असू द्या. ते बोलत नाहीत म्हणता. पण २०१९ ला सामान वर चढवणाऱ्यांत ते असणारच. काय वर नेता आलं आणि काय राहिलं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यांच्याकडून आई की बायको असा कौल मागू नका. सामानाचं विचारा, ते बोलतील.

दुसरं तुमचं गृहीत आहे ते म्हणजे कपाट जेवढं मोठं तेवढी सोय जास्त. मिस्त्री समोरच्या बाजूच्या चौरस फुटावर दर लावतात, त्यामुळे भिंतभर काम सुचवणं त्यांच्या बाजूनं साहजिक आहे. पण आधी खोलीचा हिशोब करू या. तुमची खोली दहा फूट रुंद. बारा फुटी भिंतीला दोन फूट खोल कपाट लावलं की रुंदीतले आठ फूट उरतात. पलंगाची उशी खिडकीकडे आणि पाय कपाटाकडे धरले, तर साडेसहा फूट पलंगात गेले. राहिला दीड फूट. त्या दीड फुटात तुम्ही उभ्या राहणार, खाली वाकणार आणि साड्यांचा खोल ड्रॉवर बाहेर ओढणार. होणार नाही. स्लायडिंगमुळे दार उघडायची जागा वाचते हे खरं, पण ड्रॉवरची आणि माणसाची जागा वाचत नाही.

आता तुमचा थेट प्रश्न, स्लायडिंग की साधी दारं. तुमच्या घरात साधी. स्लायडिंगला दोन दारं एकमेकांपुढून सरकतात, म्हणजे एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. रुळांसाठी तीन-चार इंच खोली जास्त द्यावी लागते. आणि खालच्या रुळात रोजची धूळसुद्धा अडकते, तिथे पुराचा गाळ गेला तर दार पुन्हा सरळ चालेल याची खात्री कुणीच देणार नाही. बिजागरीचं दार स्क्रू काढले की हातात येतं. धुवा, वाळवा, परत लावा.

मग ही साधी दारं उघडायची कुठे? त्यासाठी भिंत बदला. दार असलेल्या आखूड भिंतीचं बघा. दाराला आणि चौकटीला तीन फूट सोडले तरी सात फूट सलग भिंत मिळते. तिथे दोन फूट खोल कपाट करा आणि पलंगाची उशी समोरच्या आखूड भिंतीला घ्या. बारातून दोन आणि साडेसहा वजा करा: कपाट आणि पलंग यांच्यामध्ये साडेतीन फूट मोकळे. सात फुटांत सहा दारं केली तर प्रत्येक दार चौदा इंचांचं होतं, उघडलं तरी कुणाच्या पायात येत नाही. पलंगाच्या दोन्ही बाजूंनाही दोन-दोन फूट राहतात.

याच मांडणीत आणखी एक गोष्ट सुटते, जी नकाशावर कधीच दिसत नाही. छताचा पंखा. साधा पंखा ४८ इंची, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक दोन फुटांवर. मिस्त्री म्हणतात तसं बारा फुटी भिंतीला कपाट केलं तर पंख्याचा मध्य भिंतीपासून पाच फुटांवर, पात्याचं टोक तीन फुटांवर. दोन फुटांचं कपाट आणि माळ्याचं दीड फुटी दार मिळून साडेतीन फूट. माळ्याचं दार उघडलं की ते पात्याच्या वाटेत. शिवाय माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढलेल्या माणसाचं डोकं आणि हात पंख्याच्या पट्ट्यात. आखूड भिंतीला कपाट घेतलंत तर पात्याचं टोक भिंतीपासून चार फुटांवर राहतं आणि हा प्रश्न येत नाही. ज्यांना भिंत बदलणं शक्य नाही त्यांनी पंख्याचा हूक आधी सरकवून घ्यावा. आणि माळ्याला हात घालताना पंखा बंद, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवावं.

आता तुम्ही म्हणाल, बाराचे सातच फूट राहिले. म्हणूनच कपाट ठरवण्याआधी सामान मोजा. एका रविवारी खोलीतलं सगळं पलंगावर काढा आणि चार वाटे करा: टांगायचं, घडीचं, वर्षातून एकदा लागणारं, आणि ज्याची या खोलीत गरजच नाही ते. टांगायच्या कपड्यांना दांडीवर एका फुटात दहा-बारा शर्ट बसतात. ड्रेस आणि जाड कपडे त्याहून कमी. शर्ट टांगायला साधारण चाळीस इंच उंची लागते. पँट मधोमध घडी घालून टांगली तर तीस इंचांत होतं. लांब ड्रेसची लांबी प्रत्यक्ष हँगरला अडकवून टेपनं मोजा, कारण ती प्रत्येकीची वेगळी. घडीच्या कपड्यांच्या कप्प्याची उंची दहा ते बारा इंच पुरे. पंधरा इंच ठेवली की माणूस वर थर लावत जातो आणि तळचा कपडा काढताना सगळी रास ढासळते.

कपाट किती खोल असावं याबद्दल मात्र थोडं जास्त सांगते, कारण जागा सगळ्यात जास्त वाया जाते ती तिथे. हँगरसाठी आत बावीस इंच लागतात, म्हणून कपाट दोन फूट खोल करतात. पण घडी घातलेला शर्ट किंवा साडी बारा-चौदा इंचांची. दोन फुटांच्या कप्प्यात ती ठेवली की मागे आठ-नऊ इंच रिकामे, आणि मग तिथे आपण दुसरी रांग लावतो. मागच्या रांगेतले कपडे वर्षभर उजेड बघत नाहीत. तुमच्याकडे घडीचंच जास्त निघालं तर सगळं कपाट दोन फुटी करायची गरज नाही. घडीचा भाग सोळा इंच खोल ठेवला तरी तेवढंच मावतं, समोरची रांग तेवढी दिसते आणि खोलीला आठ इंच परत मिळतात. लोखंडी कपाटं दीड फुटाच्या आसपास खोल असतात, म्हणून त्यात हँगर तिरके बसतात आणि दार लावताना बाह्या अडकतात. तुम्हाला टांगायला जागा कमी पडते त्यामागे हेही एक कारण आहे.

खडूची रेघ इथे कामाला येते. समजा ती तीन फुटांवर आली. तिच्यावर सहा इंच सोडा आणि मिस्त्रींना स्पष्ट सांगा: साडेतीन फुटांच्या खाली प्लाय नको. खालचा भाग स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली करतात तसा करा. उभे कडप्पे, आडवे कडप्पे, मागे थेट सिमेंटचा गिलावा, प्लायची पाठ नाहीच. जुन्या वाड्यांत आणि साध्या घरांतही भिंतीतल्या फडताळाला कडप्प्याचे कप्पे असायचे. पाण्यानं त्यांचं काही बिघडत नाही, पाइप मारला की स्वच्छ. या भागाला दारं हवीत तर ॲल्युमिनियमच्या चौकटीतली पीव्हीसीची, सहज काढता येणारी. साडेतीन फुटांच्या वर सात फुटांपर्यंत प्लायचं काम, आणि वरची दारं वेगळी. एकच लांब दार खालपर्यंत आणलंत तर रेघेचा उपयोग राहत नाही.

टांगायची दांडी सहा फुटांवर घ्या, म्हणजे तुमचा हात आरामात पोचेल. कपडे रेघेच्या खाली लोंबले तरी चालेल. कपडे काढून नेता येतात, लाकूड नेता येत नाही. सात फुटांचे तीन उभे खण पडतील. त्यांतल्या टांगायच्या दोन खणांत कडप्प्याचा आडवा कप्पा दोन-सव्वादोन फुटांवरच ठेवा, शर्ट मोकळा लटकेल. तिसरा खण पूर्ण घडीचा. साड्या तिथे, डोळ्यांच्या उंचीवर; खालच्या खोल ड्रॉवरमध्ये अजिबात नको. इरकल, पैठणी, जे जरीचं असेल ते धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, दर दोन-तीन महिन्यांनी घडी फिरवा आणि जरीला डांबरगोळी टेकू देऊ नका.

कडप्प्याच्या कप्प्यांत ड्रॉवरऐवजी कानाचे प्लास्टिक क्रेट ठेवा, एकट्या माणसाला उचलता येतील एवढेच. रोजच्या चादरी, मुलांचे कपडे, टॉवेल, चपला-बूट, प्रवासाच्या बॅगा. कोयनेतून विसर्ग वाढला, वारणा फुगली आणि आयर्विनचा आकडा चाळिशीकडे सरकायला लागला की आपल्याकडे घराघरांत सामान बांधायला सुरुवात होते. त्या वेळी ड्रॉवर उपसून बोचकी बांधायची की क्रेट उचलून जिना चढायचा, यात तासांचा फरक पडतो. पाणी ओसरल्यावरही तसंच, क्रेट धुऊन लगेच जागेवर. घराची कागदपत्रं, पासबुकं, दागिन्यांचा डबा यांना खालच्या मजल्यावर कायमची जागा नकोच. वरच्या खोलीत भिंतीत एक लहान लॉकर करून घ्या. त्यासाठी मुलाला विचारायचं राहू देऊ नका, खोली त्याची आहे.

माळ्याबद्दल माझं मत एरवी फारसं चांगलं नाही. तिथे गेलेली वस्तू बहुतेक परत येत नाही. तुमच्या घरात मात्र माळा हवाच, आणि तो दारावरूनही पुढे नेऊन पूर्ण दहा फूट करा. फक्त त्यातला अर्धा रिकामा ठेवायचा. रिकामा म्हणजे रिकामा. दिवाळीचा आकाशकंदील नाही आणि मिक्सरचं खोकंही नाही. ऐन वेळी जिना चढायला वेळ नसेल, रात्र असेल, माणसं कमी असतील, तेव्हा खालचे क्रेट आणि गाद्या-गोधड्या तिथे जातील. घरात येऊन बघणारे म्हणतील केवढी जागा वाया घालवलीत. म्हणू द्या.

सामान घ्यायला जाताना यजमानांसोबत तुम्हीही जा. वरच्या भागाला १८ मिलिमीटरची, आयएस ७१० चा शिक्का असलेली प्लाय मागा. ती मरीन दर्जाची. तिचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून चिकटपणा तपासायचा असतो. साध्या एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणाऱ्या प्लायची कसोटी ६० अंशांच्या पाण्यात तीन तासांची. उकळत्या पाण्याची परीक्षा पास झाली म्हणून आठवडाभराच्या गाळपाण्यात ती नवीसारखी राहील असं नाही, पण दमट भिंतीजवळ ती नक्की जास्त टिकते. लाकडाचा भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड आणि साधा एमडीएफ स्वस्त पडतो; तुमच्या खालच्या मजल्यावर तो आणूच नका. वरची दारं ब्लॉकबोर्डची केली तर वाकत नाहीत. एक कप्पा तीन फुटांहून लांब नको, मध्ये झोळ पडतो; तुमचे खण अठ्ठावीस इंचांचे होतात, तेव्हा ती काळजी नाही. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या. प्रत्येक कापलेली कड पट्टी लावून बंद, आतल्या बाजूलाही पातळ सनमायका. वाळवीचं औषध कपाट बसवायच्या आधी, भिंतीच्या आणि फरशीच्या सांध्यात.

आणि ते पोपडे. "झाकले जातील" हे ऐकून मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. पुराचं पाणी विटांत मुरलं की भिंत महिनोन्‌महिने वाळत नाही, आतला खार वर येत राहतो आणि रंग सोडवतो. अशा भिंतीवर कपाट ठोकणं म्हणजे ओल आत कोंडणं. आधी बुरशीचा वास, मग कपड्यांवर ठिपके, मग वाळवी. घरच्या घरी तपासता येतं. हातभर जाड प्लास्टिकचा कागद घ्या, चारी कडा चिकटपट्टीनं भिंतीला पक्क्या बंद करा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला दव धरलं तर ओल भिंतीतूनच येते आहे. बाहेरच्या बाजूला धरलं तर ती खोलीतल्या हवेतली. ही तपासणी मोकळ्या भिंतीची करा तशी दाराकडच्या भिंतीचीही करा, कारण पाण्यात दोन्ही उभ्या होत्या. सुटलेला गिलावा काढून, भिंत वाळू देऊन मग नवा गिलावा. प्लायची पाठ आणि भिंत यांच्यात इंचभर अंतर ठेवा आणि खाली कडप्प्याच्या भागात व वर माळ्याखाली हवेसाठी जाळ्या द्या.

म्हणजे दिवाळीआधी हे काम होत नाही. वाईट वाटेल, पण पावसाळा संपता संपता भिंती सगळ्यात ओल्या असतात आणि तुम्ही नेमकं तेव्हा कपाट बसवणार आहात. दिवाळीआधी खराब गिलावा तेवढा काढून घ्या, भिंत उघडी राहू द्या, आणि काम फेब्रुवारी-मार्चला काढा. मधल्या काळात भिशीचे पैसे बँकेत राहतील, तुमची मोजामापी होईल, पलंग फिरवून तशी खोली महिनाभर वापरूनही बघता येईल. नव्या जागी पलंग सोयीचा वाटला नाही तर कपाट करायच्या आधीच कळेल.

आता आईंचं कपाट. पत्र दोनदा वाचलं, पण "कपाट मधल्या खोलीत, तुमच्याजवळ आणू का?" असं त्यांना विचारल्याचं मला त्यात सापडलं नाही. "कुठं जाणार नाही" म्हणजे घराबाहेर जाणार नाही, विकणार नाही, भंगारात देणार नाही, असंच त्यांना म्हणायचं असावं. मधल्या खोलीत त्यांच्या दिवाणाजवळ तीन फूट भिंत निघते का बघा. निघाली तर त्यांचं कपाट त्यांच्या उशाशी राहील, किल्ली त्यांच्या कमरेला राहील, आणि पहाटे तुमचं दार वाजवायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. ही ये-जा तुम्हाला जितकी जड जाते तितकीच त्यांनाही जात असेल. सुनेच्या खोलीत रोज शिरायला कुणाला आवडतं? कपाटाखाली फूटभर उंचीचे कडप्प्याचे ठोकळे पक्के बसवून द्या आणि वरून कपाट भिंतीला पट्टीनं आवळा, म्हणजे कलंडणार नाही. पोटरीएवढ्या पाण्याची निम्मी-अधिक चिंता तिथेच संपते. रंगही नवा मारून द्या, त्यांना विचारून, त्यांच्या आवडीचा. मात्र त्यांनी नाही म्हटलं तर कपाट आहे तिथे राहू द्या आणि नवं काम त्याला धरून आखा. कपाट त्यांचं आहे.

ज्यांना पुराची भीती नाही, विश्रामबागकडच्या उंचावरच्या घरांत किंवा पहिल्या मजल्यापासून वरच्या फ्लॅटमध्ये, त्यांनी कडप्प्याचा खर्च करू नये. खाली तीन-चार इंचांचा सिमेंटचा चौथरा तेवढा द्यावा, फरशी पुसताना पाणी प्लायला लागत नाही. बाकी पंखा, कपाटाची खोली, सामानाची मोजणी हे सगळ्यांनाच लागू. साताऱ्याच्या वाचकांची अडचण पावसाची: पश्चिमेची भिंत झोडपून निघते. तिथे आतलं कपाट करायच्या आधी भिंत बाहेरून दुरुस्त करा, आणि जमलं तर त्या भिंतीला कपाट नकोच. भाड्याच्या घरात भिंतीत काहीही बसवू नका. स्क्रूनं जोडलेले वेगवेगळे खोके करून घ्या, घर सोडताना बरोबर नेता येतात. आणि जागा वाढवायला कुणी वीटकामाची भिंत कोरून कोनाडा करू म्हणालं, तर इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका.

मिस्त्रींशी बोलताना आराखडा कागदावर घ्या, समोरून एक आणि दारं उघडल्यावर आत दिसतो तसा एक. दर चौरस फुटाचा असेल तर त्यात बिजागऱ्या, आतला सनमायका आणि कडप्पा धरलाय की नाही ते त्याच कागदावर लिहून घ्या. पैसे टप्प्यानं द्या. शेवटचा हप्ता देण्याआधी पलंग जागेवर ठेवा, क्रेट भरून कप्प्यांत घाला आणि मिस्त्रींच्या समोर एकेक दार पूर्ण उघडून बघा. मग पंखा बंद करून पात्याचं टोक हातानं माळ्याकडे फिरवा आणि माळ्याचं उघडं दार त्याला लागत नाही याची खात्री करून घ्या.